पाव औंस की तीन-अष्टमांश? मोठ्या फ्लॅटहेडमागे घालवलेले आठ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये फ्लॅटहेड माशासाठी जिगहेडची, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या हूकची, चार पाकिटं आणली होती. अष्टमांश, पाव, तीन-अष्टमांश आणि अर्धा औंस. ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण ३.५, ७, १०.५ आणि १४. जोडीला तीन इंची आणि पाच इंची सॉफ्ट प्लास्टिकची ल्युअर, म्हणजे त्या हूकवर चढवायचे रबरी मासे. आज मार्च संपताना हिशेब असा आहे: पाव औंसाचं पाकीट तिसऱ्यांदा आणलं, अष्टमांशाचं अर्धं संपलं, अर्ध्या औंसाचं जवळजवळ तसंच पडून आहे. परीक्षण इथेच आटोपायला हरकत नव्हती. पण मोठा मासा दिला तो तीन-अष्टमांशाने, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

मी सिडनीच्या दक्षिणेला राहतो, मूळचा गुहागरकडचा. लहानपणापासून गरवत आलोय, पण गरीला कोळंबी लावून. रबरी मासा दोरीला बांधून पाण्यात नाचवायचा हे बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ह्याला फसतो म्हणजे तो मासा शहरातलाच असणार."

फ्लॅटहेडच्या जाती बऱ्याच आहेत. खाडीत ज्याच्यासाठी माणसं पहाटे उठतात तो डस्की फ्लॅटहेड. पूर्व किनाऱ्यावर केर्न्सपासून व्हिक्टोरियाच्या गिप्सलँड सरोवरांपर्यंत मिळतो. डोकं कोणीतरी पाटा ठेवून दाबल्यासारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला. वाळूत अंग पुरून, प्रवाहाकडे तोंड करून पडून राहतो आणि डोक्यावरून काही गेलं की झेपावतो. मीटरभर लांबीचे असतात, आणि मोठे म्हणजे बहुतेक सगळ्या माद्या.

मासा तळाला बसलेला, म्हणजे ल्युअर तळाला पोचलं पाहिजे, हे कोणीही सांगेल. म्हणून पहिले दोन महिने मी जड शिसं वापरलं. ते दगडासारखं खाली जायचं आणि वाळूचा छोटा ढग उडवून गप्प बसायचं. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचे यायचे, त्यावरचा एकही नाही. मग कोणीतरी हलकं वापर म्हणून सांगितलं, तर अष्टमांश लावून मी दुसऱ्या टोकाला गेलो. ते प्रवाहाबरोबर तरंगत जायचं, दोरीला पोट पडायचं आणि तळ लागला की नाही हेच कळायचं नाही. जेटीवरचा एक म्हातारा माझा तो प्रकार बराच वेळ बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मोजतोस का?"

तेव्हापासून मोजतो. ल्युअर पाण्यावर आपटलं की एक, दोन, तीन... ताणलेली दोरी अचानक सैल पडते तो तळ. स्थिर पाण्यात, तीनेक मीटर खोलीवर, पाव औंस आणि तीन इंची ल्युअर माझ्या पाच-सहा आकड्यांत बसतं. अष्टमांशाला नऊ-दहा लागतात. नंतर रॉडचं टोक दोनदा उचलायचं आणि परत पडू द्यायचं. या दुसऱ्या पडण्याला माझे तीन आकडे व्हावेत असं वजन मी निवडतो. दोन झाले तर हलकं लावतो, पाचाच्या पुढे गेले तर जड. माशाचे दहातले आठ फटके ल्युअर खाली पडतानाच येतात. तेव्हा पाकिटावरच्या आकड्यापेक्षा, ल्युअर पाण्यात किती वेळ लोंबकळतं त्याचे पैसे आपण मोजत असतो.

आता मोठ्या माशाचं गणित. पाच इंची ल्युअर जाड असतं, शेपटीही मोठी, त्यामुळे पाण्याला अडतं. तेच पाव औंस त्याला लावलं तर पडणं फारच रेंगाळतं. तीन-अष्टमांश लावलं की माझे तीन आकडे परत जुळतात. हे कळायला मला डिसेंबर उजाडला. ल्युअर मोठं केलं की वजनही एक पायरी चढवायचं, ही एवढी गोष्ट पाकिटावर का लिहीत नाहीत देव जाणे. हूकही मोठा लागतो. तीन इंचीला ३/० मापाचा पुरतो, पाच इंचीला ५/० घ्या, नाहीतर हूक प्लास्टिकच्या आतच राहतो आणि मासा ल्युअर चावून सोडून देतो.

जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वजन तिच्यावरूनच ठरतं. माझा पट्टा जॉर्जेस नदीचा: वर कोमोला वोरोनोरा नदी येऊन मिळते तिथपासून खाली कॅप्टन कुक पुलापर्यंत, आणि पुलाच्या पलीकडे बॉटनी बे. २००२ पासून बॉटनी बेमध्ये व्यावसायिक मासेमारी बंद आहे. टौरा पॉइंटच्या राखीव पाण्यात काही भागात गळ टाकायलाही मनाई आहे, तेव्हा नकाशा बघून जा.

वुलूवेअर बेच्या बाजूला खारफुटीतून छोटे ओहोळ बाहेर येतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी तिथून ओढलं जातं आणि त्याबरोबर कोळंबी, बोटभर मासळी. ओहोळाच्या तोंडाशी फ्लॅटहेड असतोच, पण मध्यम. कित्येक महिने मी तिथेच बसून "मोठे कुठे गेले" म्हणत होतो. उत्तर एकदा पूर्ण सुकतीला कयाक ओढत चालताना पायाखाली सापडलं. फ्लॅटहेड जिथे पडून राहतो तिथे वाळूत त्याच्या आकाराचा ठसा उमटतो, वर त्रिकोणी डोकं, खाली निमुळती शेपूट. ओहोळाच्या तोंडाशी असे दहा-बारा ठसे होते, सगळे दीड-दोन वितींचे. तिथून चाळीसेक पावलं पुढे, जिथे उथळ वाळू संपून खोल पाणी सुरू होतं त्या कडेवर, एकच ठसा. मी वाकून वितीने मोजला. साडेतीन.

त्यानंतर मी ओहोळ सोडून कड धरली. मोठ्या मादीला बोटभर मासळीत रस नसतो. मलेट किंवा व्हायटिंग मासे उथळातून खोलात उतरतात त्या वाटेवर ती बसते, आणि पाठीशी खोल पाणी हवं असतं. इथल्या उन्हाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत, माद्या खाडीच्या तोंडाकडे सरकतात, आजूबाजूला लहान नर असतात. म्हणून एका जागी दोन-तीन छोटे लागले तर जागा बदलू नका, ल्युअर बदला.

वेळेचं एक. आमच्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. इथे तो हिशेब जसाच्या तसा लावलात तर कोरड्या वाळूवर बसाल. सिडनीत अमावास्या-पौर्णिमेची भरती सकाळी साडेआठ-नऊच्या आसपास असते, उन्हाळी वेळेत आणखी तासभर पुढे. त्यामुळे अष्टमीच्या सुमारास सुकती सकाळी आठ-नवाला संपते आणि तिचे शेवटचे दोन तास कोवळ्या उन्हात मिळतात. भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचं पाणी, ओढ कमी, पाव औंसही धड तळाला राहतं. उधाणाला तीच कड धरली तर एक पायरी जड लावावं लागतं. कॅलेंडर भिंतीवर कालनिर्णयचंच आहे, वेळा तेवढ्या इथल्या.

जानेवारीतल्या अशाच एका सकाळी, पाच इंची ल्युअर, तीन-अष्टमांश. दुसऱ्या पडण्याला तीनचा आकडा झाला आणि तळ आलाच नाही, दोरी तशीच ताठ. आधी वाटलं शेवाळ. मग शेवाळाने डोकं झटकलं. तो ठोका मुठीपर्यंत येतो, धप धप, मध्ये थांबून. कयाकच्या बाजूला आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि मी काही क्षण नुसता बघत राहिलो. ८३ सेंटिमीटर. न्यू साउथ वेल्समध्ये ३६ ते ७० च्या मधलेच, दिवसाला पाच, ठेवता येतात. त्यामुळे प्रश्नच नव्हता. ओल्या फडक्यावर, पोटाखाली हात घेऊन मोजली आणि सोडली. उभी लटकवून फोटो काढू नका, आणि गालांवरच्या काट्यांपासून बोटं लांब ठेवा. माझ्या अंगठ्याने दोन आठवडे आठवण ठेवली. २० पौंडी लीडर, म्हणजे हूकजवळचा दोरीचा जाड तुकडा, शेवटच्या वीतभरात लोकरीसारखा पिंजला होता. १० पौंडी असता तर हे सगळं मी तुम्हाला सांगितलंच नसतं.

आता तक्रारी. स्वस्तातली म्हणून घेतलेली जिगहेड घेऊ नका. एका चांगल्या माशाने हूक सरळ करून दिला. ताणणारं, चिवट जातीचं प्लास्टिक दुसऱ्या प्लास्टिकबरोबर एका डब्यात ठेवू नका. माझ्याकडे आता तीन ल्युअरचा एक रंगीत गोळा आहे, मुलगी त्याला डायनासोर म्हणते. वासाचं, ओलं जे मिळतं ते मासा लवकर घेतो, पण रॉडवर तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी चिंचोक्यासारखं कडक होतं. रंगाबद्दल वाद घालणाऱ्यांना मी सध्या चहा देतो आणि विषय बदलतो.

खाण्याबद्दल विचारतील म्हणून: चाळीस-पन्नासचा घ्या. मांस पांढरं, काटे सांभाळता येण्याजोगे, रवा लावून तळला की बोंबिलाची आठवण येत नाही असं म्हणणार नाही, पण भात संपतो. सिडनी हार्बरमधला मात्र घरी आणू नका. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा मासा डायॉक्सिनमुळे खाऊ नये असं सरकारच सांगतं.

राहिलं अर्ध्या औंसाचं पाकीट. ते एकदाच कामी आलं, लेक मॅक्वॉरीला स्वान्सीच्या चॅनेलमध्ये. एवढ्या मोठ्या सरोवराचं सगळं पाणी त्या एका वाटेने समुद्रात ये-जा करतं, तिथे पाव औंस म्हणजे पाचोळा. तिथेही चार जिगहेड खडकांना देऊन एक पंचावन्नचा मिळाला. उरलेली डिसेंबरात गुहागरला नेतोय. धोपाव्याच्या फेरीबोटीशी वाशिष्ठीची ओढ कशी असते ते बाबांना ठाऊक आहे, आणि आता त्यांचा फोनवर रोजचा एकच धोशा आहे: "शिसं आणशील ते वजनाचं आण, तिथली खेळणी नकोत."