स्थानिक कलासंस्था की कंपनीचा सामाजिक निधी: तरुणांच्या कलाप्रकल्पासाठी कोणाचे पाठबळ घ्यावे?

शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना बरोबर घेऊन भित्तिचित्र, पथनाट्य किंवा छापचित्रांचे प्रदर्शन करू पाहणारे गट मला बहुधा एकच प्रश्न विचारतात. पैसा आणि जागा यांसाठी आपल्या भागातील एखाद्या जुन्या कलासंस्थेकडे जावे, की कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीकडे, म्हणजे ज्याला आपण सारे सीएसआर म्हणतो त्याकडे वळावे? पुण्यात दत्तवाडीच्या बाजूला एका शाळेच्या कुंपणभिंतीवर परिसरातील मुलांनी मोठे चित्र रंगवावे, या कामासाठी मी दोन्हींकडे गेलो आहे. भिंतीचा पहिला भाग एका कंपनीच्या निधीतून झाला आणि उरलेला भाग पुढे एका स्थानिक कलासंस्थेच्या आधाराने पूर्ण झाला. भिंत तीच, मार्गदर्शक चित्रकार तेच आणि मुलेही बरीचशी तीच होती, त्यामुळे फरक कशाने पडला हे मला पुरेसे स्पष्ट दिसले. तरीही हा अनुभव एका भिंतीपुरता आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलाकारांसाठीची दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मी या तुलनेत धरलेली नाही, कारण ती एकेका कलाकाराच्या प्रशिक्षणासाठी आहे आणि गटाने मिळून करायच्या कामाला तिचा थेट उपयोग होत नाही.

सीएसआरचे मूळ सर्वांना ठाऊक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती यांनाही स्थान आहे, आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. चाकण, हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवड इतके जवळ असताना पुण्यातील गटांना हा निधी हाताशी आहे असे वाटणे साहजिक आहे. मात्र कंपनी बाहेरच्या संस्थेमार्फत काम करणार असेल, तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही, म्हणजे सीएसआरची कामे करणाऱ्या संस्थांची सरकारकडील नोंदणीही आवश्यक झाली आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या नव्या गटाकडे यातले काहीच नसते. म्हणजे निधी कंपनीचा घेतला, तरी कागदोपत्री कोणत्या तरी नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली जावेच लागते. कंपन्या बहुधा आपल्या ओळखीच्या मोठ्या स्वयंसेवी संस्थेमार्फत काम करतात, त्यामुळे मुले आणि पैसा यांच्यामध्ये आणखी एक पायरी वाढते.

पैशाच्या बाबतीत कंपनीचे पारडे जड आहे, यात शंका नाही. आमच्या पहिल्या टप्प्यात बाहेरच्या भिंतीसाठीचा उत्तम इमल्शन रंग, पुट्टी आणि प्रायमर यांत कोठेही काटकसर करावी लागली नाही, परांची भाड्याने आणताना तिच्यावर चढणाऱ्यांचा अपघात विमाही उतरवता आला, आणि मार्गदर्शक चित्रकारांना त्यांच्या कामाला साजेसे मानधन मिळाले. कंपनीच्या अधिकारी बाई अत्यंत सौजन्याने वागत आणि प्रत्येक पत्राला उत्तर देत. कलासंस्थेच्या टप्प्यात हे सारे आवळून करावे लागले. रंग साध्या प्रतीचा घेतला, चित्रकारांनी प्रवासखर्चावर समाधान मानले आणि परांची एका सभासदाच्या ओळखीच्या ठेकेदाराकडून सकाळच्या वेळेपुरती मिळाली. ज्या गटाला छपाईयंत्र, प्रकाशयोजनेची सामग्री किंवा चांगला कॅमेरा विकत घ्यायचा आहे, त्याने स्थानिक संस्थेकडून फार अपेक्षा ठेवू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कलासंस्थांची दुसरी अडचण म्हणजे ज्येष्ठांची आवड. आमच्या मुलांनी भिंतीसाठी परिसरातून वाहणाऱ्या आंबील ओढ्याचा विषय निवडला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला आलेला पूर त्यांच्यापैकी अनेकांनी घरातून पाहिलेला होता, आणि पाण्यात तरंगणारी भांडी, छपरावर बसलेली माणसे, दुसऱ्या दिवशी गल्लीत वाळत घातलेली पुस्तके हे सारे त्यांना काढायचे होते. संस्थेच्या कार्यकारिणीतील काही सदस्यांना शाळेच्या भिंतीवर असे दुःखद चित्र नको होते आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. मग मुलांनाच सभेला बोलावले गेले. एका नववीतल्या मुलाने आपल्या रेखाटनवहीतील पाने एकेक करून दाखवली, बरीच चर्चा झाली आणि अखेर विषय मान्य झाला. ही सभा मला त्या वेळी जड गेली होती. आज मात्र मी तिला प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाच्या संध्याकाळींपैकी एक मानतो, कारण आपल्या चित्राची बाजू वडीलधाऱ्यांसमोर मांडण्याची संधी या मुलांना अन्यत्र कोठे मिळाली असती, असे वाटत नाही. कंपनीच्या टप्प्यात असा वाद झाला नाही. तेथे प्रस्तावासोबतच चित्राचा अंतिम आराखडा जोडायचा होता आणि एकदा तो मंजूर झाल्यावर बदल करण्यासाठी नव्याने मान्यता घ्यावी लागणार होती, म्हणून कोणी बदल सुचवलाच नाही.

इथपर्यंतच्या गोष्टी मी तोलूनमापून सोडून दिल्या असत्या. माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती म्हणजे मार्चअखेर.

कंपनीचे सीएसआरचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. समितीची बैठक, संचालक मंडळाची मान्यता, आधी शिक्षण आणि आरोग्याचे मोठे प्रकल्प आणि त्यानंतर आमच्यासारखी लहान कामे, अशा क्रमाने फाईल पुढे सरकते. आम्ही पावसाळ्यात दिलेल्या प्रस्तावाला दिवाळीनंतर मंजुरी मिळाली, त्यानंतर करारनामा झाला, खरेदी विभागात पुरवठादार म्हणून नोंदणी झाली आणि पहिला हप्ता हाती पडेपर्यंत संक्रांत उलटली होती. ३१ मार्चच्या आत संपूर्ण खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायचे होते. यामागे कायद्याचेच कारण आहे. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम चालू प्रकल्पाची, म्हणजे एकाहून अधिक वर्षांसाठी मंजूर झालेल्या कामाची असेल, तर ती कंपनीला ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते, आणि तशी नसेल, तर ती कायद्याने नेमून दिलेल्या निधीत सहा महिन्यांत भरावी लागते. लहानशा भित्तिचित्रासाठी ही उस्तवार कोणताही अधिकारी स्वतःहून अंगावर घेणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येणार नाही.

पण फेब्रुवारी आणि मार्च हे महिने महाराष्ट्रातील कोणत्या मुलाचे असतात? बारावीची परीक्षा, पाठोपाठ दहावीची, त्याआधी प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा, घरात सराव प्रश्नपत्रिका, आणि परीक्षा नसलेल्या लहान भावंडांनाही आवाज न करण्याची ताकीद. आमच्या गटातील सर्वांत तयारीची मुले नेमकी दहावी आणि बारावीची होती. आंबील ओढ्याच्या काठाकाठाने फिरून त्यांनी रेखाटने केली होती, चौकटी आखून चित्र भिंतीच्या आकाराएवढे कसे वाढवायचे हे ती शिकली होती. रंगकाम सुरू झाले, तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही येऊ शकले नाही. पालकांनी पाठवले नाही आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मुदत वाढवून मागितली, तर उत्तर नम्रपणे नकाराचे आले. शेवटी प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी आणि रोजंदारीवर आणलेल्या रंगाऱ्यांनी तो भाग पूर्ण केला. भिंत सुरेख दिसली, अहवालातील छायाचित्रेही सुरेख आली. परंतु ज्या मुलीने त्या भागाचा मूळ आराखडा काढला होता, तिचा ब्रश त्या भिंतीला एकदाही लागला नाही. तरुणांसाठीच्या प्रकल्पात यापेक्षा मोठी उणीव कोणती असू शकते, हे मला अद्याप सुचलेले नाही.

कलासंस्थेलाही ३१ मार्चचे हिशेब असतात. सार्वजनिक न्यास म्हणून तिला लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. पण ते ओझे तिचा खजिनदार वाहतो, मुलांच्या वेळापत्रकावर ते येत नाही. आमच्या बाबतीत कार्यकारिणीने हिवाळ्यातच मंजुरी दिली, रंगासाठी थोडी उचल दिली आणि काम परीक्षा संपल्यावर सुरू करण्यास सांगितले. एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी सातपासून दहापर्यंत काम चालत असे, कारण त्यानंतर भिंतीवर ऊन येते आणि इमल्शन ब्रशवरच सुकू लागते. रंगकामासाठी जानेवारीची हवा नक्कीच अधिक चांगली आहे, हे मी मान्य करतो. तरी त्या उन्हाळ्यात दहावी झालेली मुले सुटी लागल्याच्या उत्साहाने रोज हजर राहिली आणि आधीच्या टप्प्यात सुटलेली ती मुलगीही बारावीनंतर परांचीवर चढली.

पुण्यातील जुन्या संस्थांना विद्यार्थ्यांचे वर्ष अंगवळणी पडलेले आहे, हे याचे मुख्य कारण असावे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा महाविद्यालये सुरू झाल्यानंतर, पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात होते. तालमींच्या काळात अभ्यासाचा ताण तुलनेने कमी असतो, आणि पिढ्यानुपिढ्या पुण्यातील तरुणांनी रंगभूमीचे पहिले धडे तेथे गिरवले आहेत. ज्या संस्थेचे सभासद शिक्षक आणि पालकही असतात, तिला बोर्डाच्या तारखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

आणखी एक फरक थोडक्यात नोंदवतो. कंपनीचा प्रकल्प संपला की संबंध संपतो, कारण पुढच्या वर्षी विषय बदलतो किंवा अधिकाऱ्याची बदली होते. संस्थेच्या टप्प्यातील मुलांपैकी काही जण आता तिचे विद्यार्थी सभासद आहेत, आणि त्यांच्या रेखाटनांचे प्रदर्शन घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालनासारख्या ठिकाणी भरवायचे म्हटले, तर अर्ज कसा आणि किती आधी करायचा हे सांगणारे माणूस त्यांना एका फोनवर भेटते.

खर्चाचा आकडा मोठा असेल, गटातील सर्व जण बोर्डाच्या परीक्षांपलीकडे गेलेले असतील आणि काम वर्षभर चालणारे असेल, तर कंपनीचा विचार जरूर करावा. मात्र बहुवार्षिक, म्हणजे चालू प्रकल्प म्हणून लेखी मंजुरी मिळत असेल तरच करावा. शक्य असल्यास दोन्ही जुळवावे: संस्थेने नाव आणि वेळापत्रक सांभाळावे आणि साहित्यासाठी कंपनीने किंवा व्यक्तिगत दात्यांनी ८०जी पावतीवर देणगी द्यावी. इतर कोणत्याही परिस्थितीत, विशेषतः गटात शाळकरी मुले असतील तर, मी स्थानिक संस्थेकडेच आधी जाईन.

संस्था निवडताना सभागृहाची सजावट पाहू नये, तीन गोष्टी विचाराव्यात. विश्वस्तांच्या बदलाचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल आणि मंजूर आहे का, कारण तो अडकला असेल तर बँकेत सह्यांचाच प्रश्न उभा राहतो आणि रंगाचे पैसे वेळेवर निघत नाहीत. मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब दाखवतात का. आणि सभागृहाची किल्ली संध्याकाळी कोणाकडे असते, कारण मुले संध्याकाळीच येऊ शकतात. भिंत महापालिकेच्या शाळेची असेल, तर ना-हरकत पत्रासाठी संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज आधीच तयार ठेवावा. संस्थेला द्यायचे पत्र दिवाळीची सुटी संपताच द्यावे, म्हणजे कार्यकारिणीच्या हिवाळ्यातील बैठकीत विषय येतो आणि शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारी काम सुरू करता येते.