नाव डाना ६०, आतला माल भलताच: ॲक्सल खरेदीत झालेली फसवणूक

ऑफ-रोड गाडी बांधायला घेतलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, विशेषतः ज्यांचा ॲक्सल अजून घ्यायचा राहिला आहे त्यांनी. मला जो मागचा ॲक्सल (मागच्या दोन्ही चाकांना फिरवणारा शाफ्ट आणि गिअरचा अख्खा संच) विकला गेला, त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं: डाना ६०, फुल फ्लोटिंग, ३५ स्प्लाइनचे क्रोमोली शाफ्ट, ४.५६ रेशो, ऑटोमॅटिक लॉकर, पूर्ण रिबिल्ट. सोप्या शब्दांत: डाना ६० हा ॲक्सलचा एक मजबूत प्रकार; फुल फ्लोटिंग म्हणजे गाडीचं वजन शाफ्टवर न येणारा; स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचा; क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील; रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणारा दांडा (प्रॉपेलर शाफ्ट) किती फेऱ्या मारतो तो आकडा; ऑटोमॅटिक लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी आणि वळणावर आपोआप सोडणारी यंत्रणा; रिबिल्ट म्हणजे झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधलेला. जाहिरातीतल्या पहिल्या दोनच गोष्टी खऱ्या निघाल्या. बाकीचं गैरसमजातून लिहिलं गेलं असेल असं म्हणायलाही जागा नाही, कारण त्यातल्या काही गोष्टी खऱ्या वाटाव्यात म्हणून मुद्दाम तयारी केलेली होती.

ही फसवणूक चालते ती त्या दोन खऱ्या गोष्टींच्या जोरावर. हाउसिंग डाना ६० चं आहे की नाही, हे बाहेरून कळतं. ओतकामात रिबवर '६०' हा आकडा उठवलेला असतो आणि ट्यूबवर बिल ऑफ मटेरियलचा (म्हणजे भागांच्या यादीचा) नंबर ठोकलेला असतो. फुल फ्लोटिंग तर लांबूनही ओळखता येतो. चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला असतो आणि त्यावर शाफ्टचा फ्लँज (टोकाची चपटी चकती) बोल्टने बसवलेला असतो. जाणकार माणूस या दोन गोष्टी बघतो, त्या बरोबर निघतात आणि त्याचा विश्वास बसतो. पण हाउसिंग म्हणजे फक्त कवच. गाडी दगडावर अडकल्यावर ज्या भागांवर खरा जोर येतो, ते सगळे कव्हरच्या आत असतात. तिथे विकणाऱ्याने काहीही घातलेलं असू शकतं.

'हेवी ड्युटी' या शब्दाला कुठलंही ठरलेलं माप नाही, कोणीही तो कशालाही लावतो. मापं असतात ती क्राउनच्या (ॲक्सलच्या आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) व्यासाची, शाफ्टच्या जाडीची आणि स्प्लाइनच्या संख्येची. डाना ४४ चा क्राउन साधारण साडेआठ इंचांचा, डाना ६० चा पावणेदहा, आणि जनरल मोटर्सच्या १४ बोल्ट फुल फ्लोटिंग ॲक्सलचा साडेदहा इंचांचा. मात्र एकाच डाना ६० मध्ये ३० स्प्लाइनचे शाफ्टही येतात आणि ३५ चेही. ३० वाला साधारण १.३१ इंच जाड असतो, ३५ वाला दीड इंच. हा फरक पाच मिलिमीटरचा, म्हणून कोणी हसण्यावारी नेईल. पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे धातू तोच असला तरी ३५ स्प्लाइनचा शाफ्ट जवळजवळ दीडपट मजबूत ठरतो.

ही ताकद लागते कशाला, त्याचा हिशेब करून बघा. इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज (सावकाश पण जास्त जोराने चालवायचा जादा गिअर) २.७ आणि ॲक्सल ४.५६ धरला, तर गुणाकार १४,७०० च्या पुढे जातो. हा टॉर्क चार चाकांत वाटला जातो हे खरं, पण मागे लॉकर आहे, एक चाक हवेत आणि दुसरं दगडाच्या खाचेत रुतलंय, अशा वेळी मागच्या वाट्याचा जवळजवळ सगळा भार एकाच शाफ्टवर येतो. ३७ इंची टायर घसरायला तयार नसेल, तर पिळला जातो तो शाफ्ट. म्हणून मला ३५ स्प्लाइनच हवे होते आणि तेही ४३४० या क्रोमोली स्टीलचे. विक्रेत्याला मी हे स्पष्ट सांगितलं होतं. "साहेब, तेच तर बसवलेत," हे त्याचं उत्तर.

मी कव्हर उघडून दाखवा म्हटलं. त्यावर त्याचं म्हणणं, गॅस्केट नवीन लावलंय, तेल भरलंय, सील तोडलं की रिबिल्टची गॅरंटी संपली. मग निदान एक शाफ्ट ओढून दाखवा म्हटलं. फुल फ्लोटिंगमध्ये ते अगदी सोपं असतं. गाडीचं वजन हब आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी) पेलतात, त्यामुळे फ्लँजचे बोल्ट सोडले की चाक न काढताही शाफ्ट बाहेर येतो. त्यालाही त्याने सीलंटचं कारण पुढे केलं. त्याऐवजी त्याने लॉकर 'करून दाखवला'. स्टँडवर ठेवलेल्या ॲक्सलचा एक हब हाताने फिरवला, तर दुसराही त्याच दिशेने फिरला. "बघा, किती घट्ट लॉक होतंय!" रेशोसाठी कव्हरच्या बोल्टला लावलेली चकती दाखवली, तिच्यावर ४.५६ ठोकलेलं होतं. शिवाय क्राउनला ४१ दाते आहेत, हेही सांगितलं.

हे ४१ दातेच बघा. ४.५६ मध्ये क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ९. ४.१० मध्येही क्राउनला ४१च, फक्त पिनियनला १०. आकडा खरा सांगून दिशाभूल कशी करतात, त्याचा हा नमुना. नुसते क्राउनचे दाते सांगणाऱ्याला लगेच पिनियनचे विचारा.

ॲक्सल बसवला आणि वळणावर मागचे टायर कुरकुरायला लागले. फोनवर विक्रेता म्हणाला, लॉकर असला की असंच होतं. ते काही प्रमाणात खरंही आहे, म्हणूनच हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. पण फोर व्हील लावल्यावर गाडी सरळ जातानाही जखडायला लागली आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर बाहेर निघेना. पुढचा ॲक्सल माझ्या खात्रीचा, ४.५६ चा. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रल केला, प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरी फिरवलं. शाफ्टने चार फेऱ्या मारल्या आणि जेमतेम थोडं पुढे जाऊन थांबला. साडेचारच्या पलीकडे जायला हवा होता. पुढे ४.५६ आणि मागे ४.१० म्हणजे अकरा टक्क्यांचा फरक. पार्ट टाइम ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकत्र जखडते, त्यामुळे हा फरक प्रत्येक फेरीत टायरला घसरून भरून काढावा लागतो. कडक जमिनीवर टायर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरवर येतो.

(साध्या, उघड्या डिफरेन्शियलवर, म्हणजे लॉकर नसलेल्या आणि दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या संचावर, ही चाचणी वेगळी करावी लागते. एक चाक जमिनीवर स्थिर ठेवून दुसरं दोन फेऱ्या फिरवायचं, मग प्रॉपेलर शाफ्टच्या फेऱ्या रेशोइतक्या येतात. हे माहीत नसलं, तर आकडा निम्माच भरतो आणि माणूस गोंधळतो.)

मग कव्हर काढलं. तेल नवं, मधाच्या रंगाचं, पण तळाशी बोट फिरवलं तर चकचकीत बारीक चुरा हाताला लागला. क्राउनच्या कडेवर ४१-१० असा शिक्का स्पष्ट होता. आणि जिथे लॉकर असायला हवा, तिथे स्पायडर गिअर (डिफरेन्शियलच्या आतले छोटे गिअर) एकमेकांना थेट वेल्ड केलेले होते. वेल्ड ओबडधोबड, कडांना पोळल्याचे निळसर डाग, एका ठिकाणी केसाएवढी भेग. हब एकाच दिशेने का फिरत होते, ते तेव्हा उलगडलं. खरा ऑटोमॅटिक लॉकर तपासताना पिनियन अडवून ठेवायचं आणि दोघांनी दोन्ही चाकं एकाच वेळी विरुद्ध दिशांना फिरवायची. दिशा अदलाबदल करून बघायची. त्यात टक-टक आवाज करत एक बाजू सुटते. वेल्ड केलेल्यात काहीच सुटत नाही.

इथे मला सगळ्यात जास्त संताप आला, आणि तो पैशांसाठी नाही. केवळ दगडांवर चालवायच्या गाडीत काही जण स्वतःहून स्पायडर गिअर वेल्ड करतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांना ते माहीत असतं आणि ते त्या हिशेबाने गाडी चालवतात. पण लॉकर म्हणून विकलेल्या ॲक्सलमध्ये ते लपवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. गिअरचं कठीण केलेलं स्टील असं वेल्ड केलं की वेल्डजवळ ते ठिसूळ होतं. तुकडा निघून क्राउन आणि पिनियनच्या मध्ये अडकला, तर धावत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात. त्या गाडीत माझ्या घरची माणसं बसणार होती.

शाफ्ट ओढले, तर ३० स्प्लाइनचे. डिफरेन्शियलही ३० चंच, आणि स्पिंडलचं भोकही त्या शाफ्टपुरतंच. ३० स्प्लाइनच्या बहुतेक डाना ६० मध्ये दीड इंची शाफ्ट घालायचा तर स्पिंडल आतून बोअर करावा लागतो, त्यामुळे त्या हाउसिंगमध्ये ३५ स्प्लाइनचे शाफ्ट कधी होतेच, असं म्हणायची सोय उरली नाही. धातूचं काय, म्हणून एक शाफ्ट तपासणीला दिला. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने मिश्रधातू मिनिटभरात कळतो. ४३४० मध्ये निकेल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असायला हवं. यात निकेल आणि मॉलिब्डेनम नावालाही नव्हतं. मँगनीजचं साधं कार्बन स्टील, वरून सोनेरी रंग मारलेला. रंग बघून क्रोमोली ओळखणारा माणूस जगात नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता दुरुस्तीचा पसारा बघा. रेशो बदलायला नुसते क्राउन-पिनियन पुरत नाहीत, कारण डाना ६० मध्ये ४.१० पर्यंतच्या आणि ४.५६ च्या पुढच्या रेशोंना वेगवेगळे कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतात. म्हणजे कॅरिअर गेला, शाफ्ट गेले, स्पिंडलचं काम निघालं. 'रिबिल्ट' म्हणवणाऱ्या त्या ॲक्सलची पिनियन बेअरिंग हाताने फिरवली तरी खरखरत होती. ट्यूब सरळ निघाल्या, तेवढाच दिलासा. त्या मी दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजून तपासल्या. हे मोजमाप प्रत्येकाने करावं, कारण ताज्या काळ्या रंगाखाली वाकलेली किंवा जोड दिलेली ट्यूब सहज लपते.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने पावती पुढे केली. पावतीवर फक्त 'वापरलेला ॲक्सल, १ नग' एवढंच. त्या वेळी तो म्हणाला होता, "सविस्तर सगळं जाहिरातीत आहेच की." जाहिरात तोपर्यंत गायब झाली होती. माझ्याकडे तिचा स्क्रीनशॉट, बोलण्याचे मेसेज आणि तपासणीचा कागद होता, म्हणून वाद घालून काही रक्कम परत मिळाली. सगळी मिळाली नाही. पावतीवर क्राउन आणि पिनियनचे दाते, स्प्लाइनची संख्या, शाफ्टचं स्टील आणि लॉकरचा प्रकार लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलूच नका. प्रामाणिक माणसाला एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि तो कव्हरही स्वतःहून उघडतो. फोर्ड ९ इंच ॲक्सलला मागे उघडायचं कव्हरच नसतं, त्याचा अख्खा गोळा (क्राउन-पिनियनसकट) पुढून निघतो. तिथे शाफ्ट ओढून गोळा बाहेर काढून दाखवायला सांगा.

असा ॲक्सल ज्यांच्या गाडीखाली आधीच बसला आहे, त्यांनी गाडी उचलून, वर सांगितल्याप्रमाणे पिनियन अडवून, चाकं विरुद्ध दिशांना फिरवून बघा. टक-टक न होता दोन्ही बाजू एकमेकींना जखडलेल्या राहिल्या, तर त्याच दिवशी कव्हर काढा. आत वेल्ड दिसलं, तर डिफरेन्शियल बदलेपर्यंत ती गाडी रस्त्यावर वेगात नेऊ नका आणि तिच्यात दुसऱ्या कोणाला बसवू नका.