काळ्या रंगाखालचे जुने पार्ट आणि माझे 26,500 रुपये

26,500 रुपये. त्यातले 12,000 ॲडव्हान्स म्हणून यूपीआयने, उरलेले 14,500 रोख. एवढे पैसे मोजून माझ्या 2009 च्या मारुती ओम्नीच्या पुढच्या भागात नवीन काय बसलं, तर एकही वस्तू नाही. जुन्याच लोअर आर्मवर (चाक बॉडीला धरून ठेवणारा दांडा) आणि जुन्याच टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा जोर चाकाला देणारा जोड) काळा रंग मारून गाडी माझ्या हातात दिली. त्याच गाडीत 78 वर्षांच्या आईला बसवून मी घाट चढलो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण रात्री झोप उडते ती ह्या दुसऱ्या गोष्टीने.

आम्ही किनाऱ्यालगत राहतो. घाटावरच्या लोकांना समजणार नाही, पण इथे खारा वारा गाडी खातो. चार महिने पाऊस, वर्षभर दमट हवा, आणि चाकाच्या कमानीत भरून राहिलेली जांभ्याची लाल माती. बाहेरून गाडी चकचकीत दिसते आणि खाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो. माझी ओम्नी खड्ड्यात गेली की पुढून खडखडायची, स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता, टायर आतल्या बाजूने झिजत होते. रजिस्ट्रेशनची 15 वर्षं संपत आली होती, नूतनीकरणाचे 5,000 रुपये आणि वर पर्यावरण कर भरायचा होता. म्हटलं, कागद करायचेच आहेत तर आधी खालचं काम नीट करून घेऊ. माझं चुकलं काय ह्यात? गाडी भंगारात घालायचा सल्ला देणाऱ्यांनी आमच्या गावात दुपारनंतर एसटी किती येतात ते येऊन बघावं.

गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. ओळखीच्यांनी सांगितलेलं गॅरेज, गावातल्या निम्म्या रिक्षा त्याच्याकडे. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून दाखवलं आणि कागदावर आकडे मांडले. लोअर आर्मची जोडी 3,400. टाय रॉड एंड दोन, 1,100. रॅक एंड, म्हणजे त्याच दांडीचे आतले जोड, दोन, 1,300. पुढचे शॉकअप 5,200, त्यांचं माउंटिंग 1,400. स्टॅबिलायझरचे रबरी बुश 450. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश आणि शॅकल 1,650. वेल्डिंग, पत्रा आणि खालून कोटिंग 6,500. मजुरी 5,500. मजुरी जास्त वाटली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, गंजलेली गाडी आहे. बोल्ट सुटत नाहीत, गॅसने कापावे लागतात."

हे खरं आहे, आणि सगळी मेख इथेच आहे. आर्मचा आतला बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. कितीही तेल मारा, बोल्ट फिरतो तो नळीसकट. पाचशेचा पार्ट काढायला हजाराची मेहनत जाते. प्रामाणिक मेकॅनिकही हेच सांगेल. त्यामुळे गंजलेल्या गाडीवर मजुरीचा आकडा कितीही सांगितला तरी गिऱ्हाइकाला खोटा म्हणता येत नाही. आणि काम झाल्यावर खाली काळं कोटिंग मारायचंच असतं, गंज थांबावा म्हणून. त्या काळ्या थराखाली काय बदललं आणि काय नाही, हे वरून बघून कोण ओळखणार?

ॲडव्हान्स ज्या खात्यात गेला ते खातं त्याच्या नावाचं नव्हतं. "मेव्हण्याचं आहे," म्हणाला. हे चालवून घेऊ नका. खात्यावर दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबा.

आता जुन्या पार्टच्या पोत्याची गोष्ट. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी स्वतःहून म्हटलं, जुने पार्ट दाखव. म्हणजे सगळेजण जी काळजी घ्यायला सांगतात ती मी घेतली होती. त्याने लगेच कोपऱ्यातून पोतं ओढलं आणि माझ्यासमोर उलटं केलं. दोन आर्म, टाय रॉड एंड, सांध्यांवर बसतात ते रबरी बूट, फाटलेले. मी एक आर्म हातात घेऊन बघितला. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे गोल सांधा, खुळखुळत होता, सगळ्यावर काळं चिकट ग्रीस आणि धूळ होती. पण लाल मातीचा एक कण नव्हता. माझी गाडी ज्या रस्त्याने रोज जाते तिथे टायरपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत सगळं लाल असतं. बूट फाटला की ती माती आत जाऊन ग्रीसमध्ये कालवली जाते, पुसली तरी खाचेतून निघत नाही. माझ्या हातातला आर्म माझ्या गाडीचा असूच शकत नव्हता. मी तो उलटसुलट केला, बोटांना काळं लागलं, आणि खिशातून 14,500 काढून दिले.

तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पण मला सांगा, हातात झिजलेला पार्ट असताना त्याच्यावरच्या मातीचा रंग कोण तपासतो? नव्या पार्टची खोकी टेबलावर मांडलेली होती, त्यांचे फोटो त्याने आधीच पाठवले होते. खोकी उघडी आणि रिकामी होती, हे मला स्वाभाविक वाटलं, कारण पार्ट गाडीत बसले असणार. तीच खोकी तो किती जणांना दाखवत असेल देव जाणे. विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख ठरवायची आपल्याकडे घाई असते. मी मेकॅनिक नाही, पैसे मोजून काम सांगणारा माणूस आहे, आणि पार्टची पारख करणं हे त्याचं काम होतं.

दुसरी खूण स्टिअरिंगची होती. टाय रॉड एंड आणि रॅक एंड बदलले की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बिघडतो आणि अलाइनमेंट केल्याशिवाय स्टिअरिंग सहसा जागेवर येत नाही. माझं स्टिअरिंग पूर्वी सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे वळलेलं असायचं. चारही जोड बदलल्यावरही ते त्याच डावीकडे, तेवढंच. अलाइनमेंटचं विचारलं तर म्हणाला, "मी दोरीने लावलंय, गरज नाही." ज्यांची ही कामं व्हायची आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. अलाइनमेंट दुसरीकडे करा आणि छापील रिपोर्ट मागा. मशीनवाल्याला कुणाचं झाकायचं नसतं.

खडखड काही दिवस कमी वाटली, कारण सगळीकडे ग्रीस भरलं होतं. परिवहन कार्यालयात गाडीचं पासिंगही, म्हणजे नूतनीकरणाची तपासणी, झालं. दिवे, रिफ्लेक्टर, चासी नंबर, झालं. खाली वाकून कुणी बघितलं नाही. मग आईला गुडघ्यासाठी कोल्हापूरला दाखवायचं ठरलं. घाटात वळणावर ब्रेक लावला की पुढून ठक असा आवाज यायचा आणि स्टिअरिंग हातात झटका द्यायचं. आईला काही बोललो नाही. हळूहळू वर आलो, तिला दवाखान्यात सोडलं आणि गाडी थेट तिथल्या उद्यमनगर ह्या औद्योगिक भागात नेली.

तिथल्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवली, आर्मखाली पहार घातली आणि जरा उचलली. बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल एवढा वर-खाली झाला. मी म्हटलं, हे नवे आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, खिशातून किल्ली काढून टाय रॉड एंडच्या नटावरचा काळा रंग खरवडला आणि टॉर्च मारला. "साहेब, ह्या नटाला पानाच लागल्याला न्हाई. ही स्प्लिट पिन बघा." नट सैल होऊ नये म्हणून त्याच्या खाचेत घालतात ती पिन गंजून फुगली होती, तिचं एक टोक कधीच तुटून गेलं होतं, आणि तुटलेल्या जागेवरसुद्धा रंग होता. नट काढला असता तर ती पिन उरलीच नसती. नवी पिन पांढरी, चकाकती असते आणि तिची टोकं ताजी वाकवलेली असतात. आर्मच्या बोल्टचंही तेच. पाना लागला की बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो, धातू उघडा पडतो. माझ्या बोल्टांचे कोपरे गुळगुळीत, गंजलेले, रंगवलेले. गॅसने कापले म्हणून ज्यांची मजुरी घेतली ते हे बोल्ट.

शॉकअप मात्र बदलले होते. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून काढलेले, रंगवलेले, आणि त्यातला उजवा तेल गाळत होता. मागच्या पाट्याचे बुश तेवढे खरोखर नवे निघाले. सगळ्यात वाईट निघालं ते वेल्डिंग. आर्म जिथे बॉडीला धरतो तिथला पत्रा सडला होता, त्यावर पातळ पत्र्याचा तुकडा चार टाक्यांनी लावून वरून पुट्टी भरली होती. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. ब्रेक लावताना आणि वळताना चाकाचा जोर त्या जागेवर येतो. बॉल जॉइंट सुटला किंवा ती जागा फाटली तर चाक आडवं होतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. हे मी उतारावर असताना झालं असतं तर ही तक्रार लिहायला मी उरलो नसतो.

आईला एसटीने परत पाठवलं, गाडी तिथेच ठेवली. खरं काम 20,780 रुपयांत झालं. त्यात लोअर आर्मची जोडी 2,900 ला, दोन्ही शॉकअप 4,600 ला, जाड प्लेट घालून वेल्डिंग 5,000 ला आणि अलाइनमेंट 500 ला. प्रत्येक बिलावर पार्ट नंबर. काढलेले पार्ट त्याने न मागता डिकीत ठेवले. लाल मातीसकट.

एकूण 47,280.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर आधी म्हणाला, घाटात आपटली असेल. फोटो दाखवल्यावर म्हणाला, दुकानदाराने मला जुना माल दिला. माझ्याच नटावरची माझीच पिन दुकानदाराने कशी दिली? मग फोन बंद.

पोलिसांकडे गेलो. पहिलं वाक्य, "हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे खोटे पार्ट दाखवून घेतले, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. तर उत्तर आलं, "तुम्ही काम बघून पैसे दिलेत ना?" म्हणजे फसवणूक कशाला म्हणतात? बघून, विश्वास ठेवून पैसे दिले म्हणूनच तर ती फसवणूक! अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नव्हते. मी उठलो नाही तेव्हा शिक्का मिळाला. दुसऱ्या एकाने शहाणपण शिकवलं, "पंधरा वर्षांची गाडी, कशाला एवढे पैसे घालता?" माझ्या गाडीचं वय हा चोराचा बचाव कसा होतो? कुणाच्या म्हाताऱ्या आईला लुबाडलं तर तिचं वय विचारून तक्रार घेणार का? मोबाइल चोरीची तक्रार घेताना फोन किती जुना ते बघून परत पाठवतात का? गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये ते आहे. मी पाठवली आहे. पोचपावती आली, माणूस आलेला नाही.

परिवहन कार्यालयाने सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. बरोबर आहे, नसेल. पण सडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरलेली गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे हे ज्यांनी ठरवलं, ते कुणाच्या अखत्यारीत? जुन्या गाड्या धोकादायक म्हणून आमच्याकडून फी आणि कर घेता ना? मग एकदा खाली वाका. एक टॉर्च आणि एक पहार, पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत माझी गाडी नापास झाली असती आणि मी हसत ती नापास करून घेतली असती. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर जाताना मला प्रत्येकाने पुढचा पत्ता दिला, आणि दार बंद ठेवायचं काम तेवढं सगळ्यांनी मनापासून केलं.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही होते. मुदत 2 वर्षांची, त्यामुळे चिडून घरी बसू नका. कोल्हापूरच्या मेकॅनिकने एका कागदावर काय सापडलं ते लिहून सही करून दिलं, हा माझा सगळ्यात मोठा पुरावा. दुसरीकडे काम करायच्या आधी हे लिहून घ्या आणि व्हिडिओ काढा, पार्ट एकदा निघाला की सिद्ध करायला काही उरत नाही. गॅरेजच्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता, त्यावरून कुणाला चोर म्हणू नका, छोट्या गॅरेजला तो लागतोच असं नाही. पार्ट नंबर मात्र बिलावर मागाच. तो लिहायला नकार दिला की गाडी बाहेर काढा.

आणि काम सुरू व्हायच्या आधी, गाडी जॅकवर असतानाच, प्रत्येक आर्मवर आणि प्रत्येक टाय रॉडवर लाल ऑइल पेंटचा एक ठिपका द्या. स्वतःच्या हाताने द्या, फोटो काढा. वेल्डिंग झाल्यावर कोटिंग मारायच्या आधी बोलवायला सांगा आणि साधा चुंबक फिरवा, पुट्टीवर तो धरत नाही. मेकॅनिकला राग आला तर येऊ दे. प्रामाणिक माणसाला येत नाही, उद्यमनगरातल्या त्या मेकॅनिकनेच मला ठिपक्याची गोष्ट सांगितली.

ज्यांनी हल्लीच किनाऱ्यावर कुठेही पुढचं काम करून काळं कोटिंग मारून घेतलंय, त्यांनी गाडी दुसऱ्या माणसाच्या रॅम्पवर चढवा आणि टाय रॉडच्या नटावरची पिन खरवडून बघा. घाटात जायच्या आधी बघा.