ऑगस्टमध्ये हातात पडलेलं जानेवारीचं कन्फर्म तिकीट

बोधगया आणि लुंबिनीच्या धम्मयात्रेचं बुकिंग घेत सातारा-सांगली भागातल्या विहारांमधून फिरणाऱ्या एका माणसाने आमच्या विहारातल्या 22 उपासिकांना फसवलं. त्यांत माझी आई आहे. तो आज दुसऱ्या एखाद्या विहारात पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभा असेल, या धास्तीने हे सविस्तर लिहिते आहे.

तो आला वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या काळात. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, तिथे येऊन मागच्या रांगेत बसायचा. त्रिसरण-पंचशील त्याला तोंडपाठ. वयस्कर बायकांना ‘आई’ म्हणायचा, वाचन संपलं की सतरंज्या गोळा करायचा. पहिले काही आठवडे त्याने पैशाचं नावही काढलं नाही. लोकांनीच विचारावं अशा बेताने तो बोलायचा: राजगीरला गृध्रकूटावर पहाटे कसं वाटतं, सारनाथचा धमेक स्तूप जवळून केवढा दिसतो, लुंबिनीला अशोकस्तंभ कुठे आहे. हे सगळं खरं होतं. तो तिथे जाऊन आलेला असणारच, आणि त्याच माहितीवर बायकांचा विश्वास बसला. गल्लीतल्या माणसाला लुबाडणं वेगळं आणि आयुष्यात एकदा तरी बोधिवृक्षाखाली बसायचं म्हणून दिवस काढणाऱ्या बायकांना लुबाडणं वेगळं. याची मला अजून चीड येते.

मग एक दिवस त्यांच्याच आग्रहावरून ‘साताऱ्यातून धम्मयात्रा’ ठरली. बाबासाहेब जिथे 7 नोव्हेंबर 1900 रोजी शाळेत दाखल झाले, त्या गावातून निघायचं, त्यांच्या आई भीमाबाईंच्या समाधीला वंदन करून. कोण नाही म्हणणार? माणशी 14,500 रुपये, जेवणाखाणासह. आकडा संशय यावा इतका स्वस्त नव्हता, हेही लक्षात घ्या.

पैसे मात्र त्याने सहलीचे म्हणून घेतलेच नाहीत. पावतीपुस्तकावर लिहिलं ‘धम्मदान’. सहलीचं बिल केलं तर कर लागेल, दान म्हटलं की सगळे पैसे यात्रेलाच जातील, असं त्याने पटवलं. पावतीवर संस्थेचं नाव होतं, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक नव्हता. आई सांगते, एकीने पक्की पावती मागितली तेव्हा तो दुखावल्यासारखा गप्प झाला आणि बाकीच्या बायका तिलाच बोलल्या, दानाचा कुठे हिशोब मागतात का म्हणून. पुढे पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच आला: सहलीचे पैसे दिल्याचा कागद कुठे आहे? तुम्ही तर दान दिलंय. ‘धम्मदान’ या एका शब्दाने त्याने स्वतःची सुटकेची वाट आधीच करून ठेवली होती.

ऑगस्टअखेर त्याने सगळ्यांना तिकिटाची प्रिंट दिली. जानेवारीतली गाडी, मुंबईहून गयामार्गे जाणारी हावडा मेल. तो कागद आता माझ्यासमोर आहे. एकाच पीएनआरवर 22 नावं. डबा एस-4, बर्थ 1 ते 22, ओळीने, सगळ्यांपुढे ‘सीएनएफ’, म्हणजे कन्फर्म. आणि प्रत्येक नावाआधी ‘आयु.’, म्हणजे आयुष्मती, हा आपल्यातला आदराचा शब्द लावलेला. रेल्वेचं खरं ई-तिकीट पाहिलेल्या माणसाच्या नजरेत हे भरतं, कारण एका ई-तिकिटावर सहापेक्षा जास्त प्रवासी येत नाहीत. सगळ्यांत मोठी खूण तारीख. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधीच उघडतं. ऑगस्टमध्ये जानेवारीचं कन्फर्म तिकीट कुणाकडेच असू शकत नाही. कुणी असं तिकीट दाखवलं तर तिथेच थांबा.

तिकीट हातात पडल्यावर बायका निर्धास्त झाल्या, आणि खरी लूट त्यानंतर झाली. नेपाळच्या व्हिसाचे म्हणून माणशी 1,800 रुपये आणि आधारची झेरॉक्स. भारतीय नागरिकाला नेपाळला जायला व्हिसा लागतच नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. मग बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या प्रवेशपासाचे पैसे. तिथे दर्शनाला शुल्क नाही. भिक्खू संघाच्या भोजनदानाचे वेगळे. शेवटी तर महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावा म्हणून 1949 च्या बोधगया मंदिर कायद्याविरुद्ध जे आंदोलन चालू आहे, त्याच्या नावानेही पैसे उचलले. आमच्या शेजारच्या आजींनी श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये साठवून ठेवले होते, ते त्यांनी आंदोलनाला म्हणून दिले. यात्रेच्या पैशांपेक्षा ते पैसे गेल्याचं त्यांना जास्त लागलंय.

निघायच्या दिवशी सकाळी सगळ्या समाधीला वंदन करून एसटीने मुंबईला गेल्या. बरोबर चपात्या, शेंगदाण्याची चटणी, बोधिवृक्षाखाली वाहायला घरची फुलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ‘मी तयारीला पुढे गेलोय, गयेला भेटू.’ त्यानंतर फोन बंद. सीएसएमटीवर टीसींनी हातातल्या मशीनवर पाहिलं आणि म्हणाले, “मावशी, या नावांचं या गाडीत कुणीच नाही. हा पीएनआरही या गाडीचा नाही.” गाडी डोळ्यांसमोरून गेली. रात्र त्यांनी प्रतीक्षालयात काढली. मी कोल्हापूरला नोकरीला असते. आईचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येईना.

आता ज्यांची यात्रा ठरते आहे त्यांना कळकळीने सांगते. पीएनआर दहा अंकी असतो, तो 139 वर किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, पाठवणाऱ्याने दिलेल्या लिंकवर नको. निवासासाठी विहाराचं पत्र दाखवलं तर त्या लेटरहेडवरच्या नंबरला फोन करू नका, नंबर दुसरीकडून मिळवा. आमच्याकडच्या पत्रावरचा नंबर त्याच्याच माणसाचा निघाला. यूपीआयने पैसे देताना नाव कुणाचं येतं ते बघा. इथे संस्थेचं सांगून दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव येत होतं. रोख दिलेल्या पैशांचा आज काही मागमूस नाही. आणि सहलीचे पैसे सहलीच्याच पावतीवर द्या. दान द्यायचं तर तिथे जाऊन, हाताने द्या.

फसवलं गेल्याचं कळलं की ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की खातं रिकामं होतं. आमच्या बाबतीत एका खात्यात थोडी रक्कम गोठवली गेली, ती इतकी थोडी की 22 जणींत वाटायची कशी हा प्रश्न आहे. आधारच्या झेरॉक्स त्याच्याकडे गेल्यामुळे सगळ्यांचं बायोमेट्रिक आम्ही लॉक करून घेतलं. ज्यांनी झेरॉक्स दिली असेल त्यांनी हे आधी करावं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे. चौकशी करताना कळलं की कोरेगाव, विटा आणि पलूसकडच्या विहारांतही अशाच वर्णनाचा माणूस येऊन गेला, दर ठिकाणी वेगळ्या नावाने. तिथल्या कुणीच तक्रार केलेली नाही, समाजात बोभाटा नको म्हणून. बाबांनो, आयांनो, तक्रार द्या. ‘धम्मदान’ लिहिलेली पावती असली तरी द्या. मेसेज पुसू नका, तिकिटाची प्रिंट फाडू नका, ग्रंथवाचनाच्या कार्यक्रमाचे फोटो असतील तर त्यांत तो मागच्या रांगेत कुठे दिसतो का बघा. आमच्याकडे त्याचा एकही स्पष्ट फोटो नाही, आणि पोलिसांना सध्या तोच हवा आहे.