वाडीतला माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरमधील आमच्या घराचे तोंड रस्त्याकडे असून मागची नारळी-पोफळीची वाडी थेट पुळणीपर्यंत जाते. वडील दिवसाचा बराच वेळ वाडीच्या टोकाला विहिरीपाशी असतात, पंपाचे बटण मात्र घराच्या पडवीत आहे आणि मोबाइल ते कधीही बरोबर नेत नाहीत. म्हणून मार्चमध्ये मी विहिरीजवळच्या खोपीत आणि पडवीत एकेक रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक बसवून दोहोंत वायफायवरून बोलण्याची सोय केली. आज्ञावली लिहिण्यात फारसा वेळ गेला नाही. वेळ गेला तो माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर निवडण्यात, आणि त्याहूनही अधिक ते पावसाळ्यात टिकवण्यात.

या संगणकाला माइकचा अ‍ॅनालॉग संकेत घेण्याची सोय नाही आणि हेडफोनची खाचही नाही. त्यामुळे सुरुवातीला मी यूएसबी साउंडकार्ड, कॉलरला लावायचा साधा माइक आणि पीएएम ८४०३ हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. घरातल्या टेबलावर सगळे व्यवस्थित चालले, पण खोपीत मोटर सुरू होताच आवाजात अशी घरघर मिसळू लागली की शब्दच कळेनात. माइककडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टांचाच असल्यामुळे शेजारच्या वायरींतील ५० हर्ट्झची गुणगुण त्यात सहज शिरते. वायर बदलणे, पडदा असलेली केबल लावणे, जमिनीची जोडणी तपासणे यांत तीन आठवडे घालवल्यावर मी तो संच काढून ठेवला.

त्याऐवजी आणलेला आयएनएमपी ४४१ हा आयटूएस (चिपांमध्ये डिजिटल आवाज नेण्याच्या) पद्धतीचा माइक आवाजाचे आकडे स्वतःच तयार करून पाठवतो, त्यामुळे घरघर शिरायला वाटच उरत नाही. दोन गोष्टी मात्र आधी माहीत असत्या तर बरे झाले असते. पहिली म्हणजे त्याचा आवाज सुरुवातीला फार बारीक वाटतो आणि माइक खराब निघाला असा समज होतो. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो उणे २६ डेसिबल इतकी पातळी देतो (शून्य म्हणजे त्याची कमाल पातळी). एक मीटरवरून साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे हाती पडते ती उणे ६० ची पातळी. ध्वनिमुद्रण ३२ बिटांत घेऊन मग संगणकातच आवाज वाढवला की प्रश्न सुटतो. दुसरी गोष्ट वायरीच्या लांबीची. ही जोडणी एकाच पाटीवरील (सर्किट बोर्डावरील) सुट्या भागांसाठी आखलेली असल्यामुळे माइक दारापाशी आणण्यासाठी मी टाकलेल्या तीन मीटर वायरीतून नुसती खरखर आली. आता ती वायर वीतभर आहे आणि उपकरणांचा संपूर्ण डबाच दारापाशी सरकवला आहे.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणून मॅक्स ९८३५७ए घेतला, कारण तोही आयटूएसवरच चालतो आणि माइकच्याच घड्याळाच्या (ताल जुळवणाऱ्या क्लॉक संकेताच्या) दोन तारा त्याला पुरतात. ४ ओहमच्या स्पीकरला ५ व्होल्टांवर तो ३.२ वॅट देतो असे कागदावर असले, तरी ती मर्यादा गाठताना आवाज फाटतो. शिवाय माझा संगणक मोठ्या हाकेसरशी बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. अ‍ॅम्प्लिफायरला वीजपुरवठ्यापासून स्वतंत्र तार दिली, त्याच्याजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) बसवला आणि ८ ओहमचा स्पीकर घेतला, त्यानंतर तसे झालेले नाही. हाक ऐकायला तेवढा आवाज पुरेसा आहे. अधिक वॅटच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही.

खरी परीक्षा जूनपासून सुरू झाली. खाऱ्या दमट हवेत स्क्रूने तार आवळायच्या जोडण्यांवर महिनाभरात हिरवट थर चढला, म्हणून सर्व तारा डाख देऊन पक्क्या केल्या आणि पाट्यांवर संरक्षक लाख मारली. ती मारताना माइकच्या बारीक छिद्रावर चिकटपट्टी लावायला मी विसरलो आणि पहिला माइक त्याच दिवशी मुका झाला. दोष सर्वस्वी माझाच. दुसऱ्या माइकचे छिद्र डब्याच्या खालच्या बाजूस आणून त्यावर टेफ्लॉनचा पातळ पडदा लावला, जो हवा जाऊ देतो पण पाणी अडवतो. कागदी शंकूचा स्पीकर ऑगस्टपर्यंत फुगला, त्या जागी प्लास्टिकच्या शंकूचा आला. डब्यात पालीने केलेला संसार हा वेगळाच विषय आहे.

समुद्राची गाज माइकमध्ये सतत येत असे, तिच्यावरचा उपाय मात्र अनपेक्षितपणे सोपा निघाला. तिचा त्रासदायक भाग खालच्या पट्टीतला असल्याने ३०० हर्ट्झखालचे सर्व गाळून टाकले. टेलिफोननेही वर्षानुवर्षे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यावरच भागवले आहे, त्यामुळे बोलणे समजण्यात काही उणे झाले नाही. माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असल्याने होणारी शिट्टी टाळण्यासाठी बटण दाबून बोलायची पद्धत ठेवली आहे.

खोपीच्या पत्र्यावर मुसळधार पाऊस कोसळू लागला की मात्र कोणताही गाळणा उपयोगी पडत नाही. अशा वेळी वडील बटणाकडे ढुंकूनही न पाहता दारात उभे राहून पूर्वीसारखाच कुकारा घालतात आणि तो पडवीत नीट ऐकू येतो.