‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’, तिसरी आवृत्ती : अचाट पराक्रमांना नियमांत बसवणारे पुस्तक

कॉमिक्समधला महानायक एका पानावर उलटलेली मोटार सरळ करतो आणि चार पानांनंतर कोसळणारे विमान खांद्यावर तोलून धरतो. दोन्ही प्रसंग वाचताना आपल्याला काही खटकत नाही, कारण चित्रकाराला वजनांचा हिशेब द्यावा लागत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेमला मात्र ही सवलत नाही. तिथे एखादा खेळाडू ‘मी ते विमान धरतो’ असे म्हणाला, की या पात्राला ते जमेल का, किती वेळ जमेल आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागेल, हे गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तिथल्या तिथे ठरवावे लागते. ग्रीन रोनिन या प्रकाशनसंस्थेच्या ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या खेळाची तिसरी आवृत्ती या तिन्ही प्रश्नांची जी उत्तरे देते, ती मला माहीत असलेल्या सुपरहिरो नियमावल्यांमध्ये सर्वांत समाधानकारक वाटतात. एका ठिकाणी मात्र ही नियमावली अडखळते, आणि तो दोष किरकोळ नाही.

स्टीव्ह केन्सन यांनी रचलेला हा खेळ २००२ मध्ये प्रथम आला आणि २००५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तिसऱ्या आवृत्तीचे नियम २०१० मध्ये आधी ‘डीसी अ‍ॅडव्हेंचर्स’ या नावाने, डीसी या कॉमिक्स कंपनीचा परवाना घेऊन प्रसिद्ध झाले आणि नंतर ‘हिरोज हँडबुक’च्या रूपाने स्वतंत्रपणे आले. खेळाचा गाभा सोपा आहे : वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, त्यात पात्राच्या संबंधित क्षमतेची रँक, म्हणजे ती क्षमता किती आहे हे सांगणारा आकडा, मिळवायची आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर काम फत्ते. नेहमीचा नायक दहाव्या पॉवर लेव्हलचा, म्हणजे एकूण सामर्थ्याच्या दहाव्या पातळीचा असतो आणि तो घडवण्यासाठी खेळाडूला १५० पॉइंट मिळतात.

या पुस्तकाचे खरे वैभव म्हणजे त्यातला मोजमापांचा तक्ता. वजन, अंतर, वेळ आणि आकारमान या चारही गोष्टी एकाच रँकच्या शिडीवर मांडल्या आहेत आणि दर पायरीला मूळ माप साधारण दुप्पट होते. शून्य रँक म्हणजे ५० पौंड वजन, ३० फूट अंतर आणि ६ सेकंद वेळ. पहिल्या रँकला वजन १०० पौंड होते, दहाव्या रँकला २५ टन आणि विसाव्या रँकला २५ हजार टन. सामान्य माणसापासून डोंगर हलवणाऱ्या देवतुल्य पात्रापर्यंतचा सारा पल्ला त्यामुळे वीस-पंचवीस आकड्यांत मावतो, आणि गुणाकार-भागाकारांची जागा बेरीज-वजाबाकी घेते. फेकलेली वस्तू किती दूर जाईल, हे काढण्यासाठी ताकदीच्या रँकमधून वस्तूच्या वजनाची रँक वजा करायची. उरलेली संख्या हीच अंतराची रँक. ३,२०० पौंडांची मोटार सहाव्या रँकची असते. ताकदीची रँक १० असलेला नायक ती चौथ्या रँकच्या अंतरावर, म्हणजे ५०० फुटांवर भिरकावतो. रँक ६ असलेल्याच्या हातून ती ३० फुटांवर पडते. वेगाचेही तसेच आहे. आठव्या रँकचा वेग म्हणजे ताशी सुमारे ५०० मैल, आणि १६ मैलांचे अंतर बाराव्या रँकचे. बारातून आठ वजा केले की चौथ्या रँकचा वेळ उरतो, म्हणजे २ मिनिटे. कागदावर रीतसर गणित मांडून पाहिले तरी उत्तर जवळजवळ तेच येते, आणि टेबलावर ते काढायला पाच सेकंदही लागत नाहीत. मेट्रिक मापांची सवय असलेल्यांना पौंड आणि मैल सुरुवातीला त्रास देतील, पण एकदा रँकमध्ये विचार करू लागल्यावर मूळ एककांची आठवणही फारशी होत नाही.

आता त्या विमानाकडे येऊ. समजा, ते २०० टनांचे प्रवासी विमान आहे, म्हणजे वजनाची तेरावी रँक. आपल्या नायकाच्या ताकदीची रँक १२, म्हणजे तो १०० टनच पेलू शकतो. नियम सरळ लावला, तर उत्तर नकारार्थी आहे. इथे ‘एक्स्ट्रा एफर्ट’ हा नियम मदतीला येतो. खेळाडूने जिवाच्या आकांताने जोर लावायचा ठरवले, तर ताकद एका रँकने वाढते, आणि शिडी दुपटीची असल्यामुळे ही एक रँक म्हणजे नेमके आणखी १०० टन. हा जोर एका फेरीपुरता, म्हणजे सहा सेकंदांपुरता टिकतो आणि नंतर नायक थकतो. पुन्हा तसाच जोर लावला तर गलितगात्र होतो आणि तिसऱ्यांदा लावला तर कोसळतो. हिरो पॉइंट, म्हणजे खेळताना मिळणारा खास गुण, खर्च केला तर थकवा पुसला जातो. पण हे पॉइंट बहुतेक वेळा मिळतात ते नायकावर ओढवलेल्या अडचणींमधून : गुप्त ओळख उघडी पडण्याची वेळ येते, जवळचे माणूस संकटात सापडते, जुनी दुर्बलता नको त्या क्षणी डोके वर काढते. याचा अर्थ असा, की पहिल्या प्रसंगात सोसलेल्या हालअपेष्टांच्या बळावरच शेवटच्या प्रसंगातले विमान तोलले जाते. कॉमिक्सच्या कथेची रचना नियमांच्या अर्थव्यवस्थेत इतक्या अचूकपणे उतरलेली मी अन्य खेळात पाहिलेली नाही. जोर लावण्याच्या याच नियमातून ‘पॉवर स्टंट’ही निघतो : ज्वाळा फेकणारी नायिका एका प्रसंगापुरती जळत्या इमारतीतली उष्णता शोषून घेऊ शकते, कारण तिच्या शक्तीइतक्याच किमतीचा दुसरा परिणाम तिला तात्पुरता मिळतो.

तितकीच विचारपूर्वक हाताळलेली दुसरी गोष्ट म्हणजे उचलण्याची ताकद आणि मारण्याची ताकद यांच्यातला फरक. १०० टन उचलणाऱ्याचा ठोसा भुरट्या चोराला बसला, तर भौतिकशास्त्रानुसार चोर वाचणार नाही. कॉमिक्समध्ये तो बेशुद्ध पडतो आणि पुढच्या चौकटीत पोलिसांच्या ताब्यात असतो. इथे हानी मोजण्यासाठी आयुष्याचे गुण एकेक करून कमी होत नाहीत. मार खाणाऱ्याने ‘टफनेस’च्या, म्हणजे मार सोसण्याच्या क्षमतेच्या, जोरावर फासा टाकायचा आणि अपयश जितके मोठे, तितकी अवस्था वाईट : आधी नुसता मुका मार, मग सुन्नपणा, मग लटपटणे आणि शेवटी बेशुद्धी. किरकोळ गुंडांना तर पहिल्याच अपयशात आडवे व्हावे लागते. शिवाय नेम आणि मार यांची बेरीज पॉवर लेव्हलच्या दुपटीहून अधिक असू शकत नाही. त्यामुळे दहाव्या पातळीवर नेम ६ आणि मार १४ असलेला अजस्र नायक व नेम १४ आणि मार ६ असलेली निष्णात योद्धा एकाच टेबलावर खांद्याला खांदा लावून लढू शकतात. केवळ उचलण्यापुरती ताकद हवी असेल, तर ती निम्म्या किमतीत मिळते आणि या मर्यादेत मोजलीही जात नाही.

आता दोषाकडे वळू. शिडी दुपटीची आहे, पण फासा सरळ रेषेत चालतो. बाराव्या रँकचा महाबली आठव्या रँकच्या प्रतिस्पर्ध्याहून सोळापट बलवान असतो. फाशावर मात्र हा फरक अवघा चारचा उरतो. आठव्या रँकच्या पात्राने पकड घातली आणि हात बसला, की महाबलीला १८ हा आकडा गाठावा लागतो. त्याच्याकडे १२ आहेत, म्हणजे फाशावर १ ते ५ पडल्यास तो जखडला जातो, आणि याची शक्यता चारात एक आहे. सोळापट बलवान माणूस दर चार पकडींमागे एकीत अडकावा, हे कोणत्याही कॉमिक्समध्ये पटणार नाही. जिथे नशिबाला वाव नाही तिथे थेट रँकची तुलना करावी, असा नियम पुस्तकात आहे, पण पकडीच्या नियमांपर्यंत तो पोहोचलेला नाही. रँकचा फरक तीनहून अधिक असेल, तर पकडीतही फासा बाजूला ठेवून तुलनेनेच निकाल लावावा, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या खेळांशी तुलना केली, की ही कमतरता अधिक ठळक होते. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’मध्येही दुपटीचेच तत्त्व आहे : ताकद १० म्हणजे १०० किलो, पुढे दर पाच गुणांना दुप्पट आणि ६० गुणांना १०० टन. पण तिथे साठ गुणांचा ठोसा बारा फाशांच्या बेरजेने ठरतो आणि इतक्या फाशांची बेरीज सरासरीपासून फारशी ढळत नाही, म्हणून बलवान पात्र सातत्याने बलवान वाटते. त्याची किंमत म्हणजे लांबलचक लढाया. १९८५ च्या ‘डीसी हिरोज’ने वजन, अंतर आणि वेळ एकाच दुपटीच्या मापावर आणले होते, तिथेही वजनाची सुरुवात ५० पौंडांपासूनच होते, आणि प्रस्तुत तक्त्यावर त्याचे ऋण उघड दिसते.

पात्र घडवण्याचे प्रकरण सामर्थ्यवान आहे, पण त्यात सावधगिरी हवी. बाराव्या रँकच्या दूरमाऱ्याला २४ पॉइंट लागतात, मात्र त्याच शक्तीचा प्रत्येक पर्यायी परिणाम एकाच पॉइंटला मिळतो. म्हणजे २९ पॉइंटांत सहा शक्ती. ज्याच्याकडे एकच शक्ती आहे असा नायक अशा पात्रापुढे फिका पडतो, आणि ते सावरण्याची सगळी जबाबदारी पुस्तक गेममास्टरवर टाकते. नव्या गटाने पहिल्याच बैठकीत १५० पॉइंटांची वाटणी करत बसू नये. पुस्तकात दिलेल्या तयार नमुना-पात्रांपैकी ‘पॉवरहाउस’ आणि ‘स्पीडस्टर’ घ्यावेत, कोसळणाऱ्या पुलाचा एखादा प्रसंग खेळून पाहावा, मोजमापांचा तक्ता हाताशी ठेवावा, आणि स्वतःचे पात्र दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावे.