मेडिकल व्हिसाच्या नावाखाली सोलापुरात काय चाललंय ते वाचा, पैसे देण्याआधी

ज्यांच्या घरात पेशंटला ट्रीटमेंटसाठी बाहेरच्या देशात न्यायचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी साइडच्या लोकांसाठी, कारण आमच्या ताई-दाजींना ज्यानं लुटलं तो अजून इथंच आहे आणि अजून लोकांच्या फायली घेतोय.

भाची बारा वर्षांची आहे. मणक्याला बाक आहे, स्कोलिओसिस म्हणतात त्याला, ब्रेस घालून शाळेत जाते पोरगी. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये रॉड आणि स्क्रू टाकून मणके एकमेकांना जोडून टाकतात, आणि दुसरं एक ऑपरेशन आहे त्यात स्क्रूंना लवचिक दोरी लावतात त्यामुळं पाठ वाकवता येते, पण ते मूल वाढीला लागलेलं असतानाच करता येतं. लंडनला प्रायव्हेटमध्ये हे करणारे सर्जन आहेत असं कळलं आणि वाढ थांबली की चान्स गेला हे एकदा डोक्यात बसल्यावर कुठले आई-बाप शांत बसतील सांगा. असल्या लोकांना नेमकी अशीच घाईतली घरं लागतात.

सात रस्त्याजवळ त्या व्हिसा एजंटचं ऑफिस होतं. बोलायला एकदम गोड. "ताई, फाईल माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त पोरीची बॅग भरा," म्हणाला. मेडिकल केस आहे, आजारी लेकराला व्हिसा कुणी नाकारत नाही, गॅरंटी माझी, असं छातीठोक सांगितलं. मग तिघांची सरकारी फी म्हणून प्रत्येकी ४५ हजार घेतले, नंतर एम्बसीचं डिपॉझिट म्हणून ५० हजार, हे परत मिळणार म्हणे, आणि लंडनच्या हॉस्पिटलची तारीख धरून ठेवायला १ लाख २० हजार. सगळे मिळून ३ लाख ५ हजार. अर्धे रोख आणि अर्धे फोनवरून, ते पण कुठल्यातरी बाईच्या पर्सनल खात्यावर. दाजींचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, धंदा आधीच मंदा, ताईनं पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा एवढे जमले.

आता खरं काय ते ऐका. ब्रिटनला एम्बसी डिपॉझिट नावाचा प्रकारच नाही. प्रायव्हेट ट्रीटमेंटसाठी जायचं तर साधा व्हिजिटर व्हिसाच लागतो, सहा महिन्यांचा, त्याची फी त्यानं घेतलेल्या ४५ हजारांच्या निम्मी पण नाही आणि ती ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर स्वतःच्या कार्डानं भरता येते. ट्रीटमेंट लांबणार असेल तर अकरा महिन्यांचा मिळतो, त्याला फी जास्त आणि टीबी नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते पण त्यांनी मान्यता दिलेल्या क्लिनिकचंच चालतं, गल्लीतल्या लॅबचं नाही. व्हीएफएस म्हणजे व्हिसाचे अर्ज जमा करून घेणारी कंपनी, तिचं सेंटर पुण्यात आहे, तिथं फक्त बोटांचे ठसे, फोटो आणि कागद घेतात, व्हिसा द्यायचा की नाही हे ते ठरवतच नाहीत. मग हा माणूस गॅरंटी कशाच्या जोरावर देत होता?

दाजींनी त्याच्याकडनं हॉस्पिटलचं लेटर आणलं तेव्हा मी ते नीट वाचलं. लेटरहेड झकास, लंडनचा पत्ता, निळा शिक्का, सही, सगळं होतं. पण खाली ईमेल जीमेलचा. डॉक्टरच्या नावाखाली जीएमसी नंबर दिला होता तो सहा आकडी. तिकडच्या डॉक्टरांचा हा रजिस्ट्रेशन नंबर सात आकडी असतो आणि जनरल मेडिकल कौन्सिलच्या साइटवर कुणीही फुकटात टाकून बघू शकतं. शिवाय अशा लेटरमध्ये आजार काय, ट्रीटमेंट कुठं होणार, अंदाजे खर्च किती आणि किती दिवस लागणार हे लिहिलेलं असावंच लागतं, ह्याच्यात खर्चाचा आकडाच नव्हता. मी हॉस्पिटलच्या वेबसाइटवरनं त्यांचा पत्ता काढून सरळ मेल टाकला. उत्तर आलं की अशा नावाचा पेशंट आमच्याकडं नाही आणि हे पत्र आमचं नाही.

ताई तिथंच खाली बसली.

त्याच्याहून वाईट पुढं होतं. फाईलमध्ये दाजींचं बँक स्टेटमेंट लावलं होतं, बॅलन्स १८ लाख, आणि त्या खात्यात एवढी रक्कम जन्मात कधी नव्हती. हे सगळं पोरीच्या नावानं जाणार होतं. खोटा कागद सापडला की अर्ज तर जातोच, मला माहीत नव्हतं म्हटलं तरी जातो, आणि अर्ज करणारा फसवायला बघत होता असं ठरलं तर दहा वर्षांची बंदी बसू शकते. अठराच्या पुढच्या माणसावर, म्हणजे इथं ताई-दाजींवर! एजंटचं काय, तो पुढची फाईल घेतो. नशीब पुण्याला ठसे द्यायच्या आधी हे कळलं.

विचारायला गेलो तर म्हणतो, "साहेब, हा नुसता फॉर्मॅट आहे, ओरिजनल मागनं येतंय." पोलिसांचं नाव काढल्यावर ५० हजार परत देतो, तक्रार करू नका, असं सुरू झालं. नाही घेतले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद केली, रोख रकमेसाठी पोलिसांत लेखी अर्ज दिला, त्यात न्याय संहितेचं कलम ३१८ स्वतः लिहिलं, आधीचं ४२० म्हणजे आता हेच.

सध्या दाजी स्वतःच हॉस्पिटलशी मेलवर बोलतायत. त्यांनी आधी एक्स-रे मागवले, पोरीची वाढ किती राहिलीय ते बघूनच सांगू म्हणाले, हे ऑपरेशन तिला चालेल की नाही ते अजून ठरलेलं पण नाही, आणि तो मात्र तारखेचे पैसे घेऊन मोकळा झाला होता. हॉस्पिटलला खरंच पैसे पाठवायची वेळ आली तर ते आपल्या बँकेतून थेट हॉस्पिटलच्या नावानं जातात, अंदाजपत्रक दाखवून, मध्ये कुणाच्या खात्यावर टाकायची काही गरज नाही. आणि लेटर पण तुमच्या मेलवर आलं पाहिजे, एजंटच्या हातून नाही. फॉर्म भरायला कुणाची मदत घ्यायची तर घ्या, पण डॉक्टर आणि तुमच्यामध्ये त्याला उभं राहू देऊ नका.

सात रस्त्याचं ऑफिस आता बंद आहे, पण तोच माणूस होटगी रोडला दुसऱ्या नावानं बसतोय असं दोघा-तिघांनी सांगितलं. ज्यांनी मेडिकल व्हिसासाठी असे पैसे दिलेत त्यांनी पेमेंटचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचं बोलणं आणि त्यानं दिलेलं लेटर डिलीट न करता सायबर पोलिसांकडं न्या, आमच्या एकट्याच्या अर्जावर तो व्यवहारातला वाद आहे म्हणून सुटायला बघतोय.